फेमाचे मोफत ऑनलाइन कोर्स : प्रमाणपत्र फुकट, क्रेडिट मात्र फुकट नाही

अमेरिकेत शिकायला गेलेल्या किंवा तिथे नोकरी सांभाळून अर्धवट राहिलेली पदवी पूर्ण करू पाहणाऱ्या मुलांमध्ये एक सल्ला फिरत असतो. फेमाचे ऑनलाइन कोर्स फुकट करा आणि त्यावर कॉलेजचे क्रेडिट मिळवा. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. उरलेला अर्धा भाग माहीत नसल्यामुळे महिनोन्‌महिने रात्री जागून मिळवलेली प्रमाणपत्रे फाइलमध्ये पडून राहू शकतात. म्हणून ही व्यवस्था मुळातून समजून घेऊ.

इथे फेमा म्हणजे आपल्याकडचा परकीय चलनाचा कायदा नव्हे. अमेरिकन केंद्र सरकारची आपत्ती व्यवस्थापन संस्था, फेडरल इमर्जन्सी मॅनेजमेंट एजन्सी, १९७९ साली स्थापन झाली. तिचे प्रशिक्षण केंद्र मेरीलँड राज्यातील एमिट्सबर्ग या छोट्या गावात आहे. तिथून चालणाऱ्या ‘इंडिपेंडंट स्टडी’ कार्यक्रमात दोनशेच्या आसपास ऑनलाइन कोर्स आहेत आणि त्यांना एक पैसाही फी नाही. आधी फेमाकडे नोंदणी करून विद्यार्थी क्रमांक घ्यायचा, मग कोर्स वाचायचा आणि शेवटची परीक्षा ऑनलाइन द्यायची. ७५ टक्के गुण मिळाले की पास. नापास झालात तर पुन्हा देता येते. प्रमाणपत्र ई-मेलवर येते.

कोर्स पोकळ नाहीत. सर्वांत जास्त केला जाणारा आयएस-१०० हा कोर्स ‘इन्सिडेंट कमांड सिस्टिम’ची ओळख करून देतो. १९७० साली कॅलिफोर्नियात भीषण वणवे लागले, तेव्हा वेगवेगळ्या अग्निशमन दलांना एकमेकांची भाषा कळेना आणि हुकूम कोणाचा चालणार हेही ठरेना. त्या गोंधळातून ही पद्धत जन्मली. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर ती देशभर लागू करण्याचे धोरण ठरले आणि आयएस-७०० हा कोर्स त्याच राष्ट्रीय व्यवस्थेवर आहे. याशिवाय नियोजन, निर्णय घेणे, संवाद, नेतृत्व असे विषय असलेली सात कोर्सची ‘प्रोफेशनल डेव्हलपमेंट सिरीज’ आहे. तिच्यातला आयएस-२४४ स्वयंसेवक कसे गोळा करावेत आणि कसे टिकवावेत यावर आहे. संघटनेत काम करणाऱ्या कोणीही तो एकदा वाचावा, क्रेडिट मिळो न मिळो.

आता मुद्द्याचे. फेमा स्वतः कॉलेजचे क्रेडिट देत नाही. ती देते प्रमाणपत्र, आणि त्यावर ‘सीईयू’ नावाचा आकडा असतो. नेमका इथेच घोटाळा होतो. सीईयू म्हणजे कंटिन्युइंग एज्युकेशन युनिट, नोकरीतल्या माणसाने किती तास प्रशिक्षण घेतले याचे माप. दहा तासांचे एक सीईयू. पदवीच्या क्रेडिटशी त्याचा संबंध नाही. ०.२ सीईयूचा कोर्स दोन तासांत संपतो, त्याला पदवीचे एक क्रेडिट कोण देईल?

देणारे कॉलेज आहे. एमिट्सबर्ग ज्या फ्रेडरिक काउंटीत येते, तिथलेच फ्रेडरिक कम्युनिटी कॉलेज या कामासाठी ओळखले जाते. फेमाचे ठरावीक कोर्स पूर्ण केल्याची नोंद दाखवायची, प्रत्येक क्रेडिटमागे फी भरायची, की ते क्रेडिट कॉलेजच्या अधिकृत ट्रान्सक्रिप्टवर चढते. हे कॉलेज मान्यताप्राप्त असल्यामुळे त्या ट्रान्सक्रिप्टला वजन आहे. मात्र फेमाचा प्रत्येक कोर्स यात धरला जात नाही. कोर्सची आवृत्ती बदलली की यादीही बदलू शकते. म्हणून आधी यादी आणि फी पाहायची, मग कोर्स सुरू करायचा. बरेच जण याच्या बरोबर उलटे करतात.

ट्रान्सक्रिप्ट हातात आला तरी काम संपत नाही. ते क्रेडिट स्वीकारायचे की नाही, हे तुम्हाला पदवी देणारे विद्यापीठ ठरवते. अमेरिकेत पदवीला साधारण १२० क्रेडिट लागतात, दोन वर्षांच्या असोसिएट पदवीला ६०. कम्युनिटी कॉलेजचे क्रेडिट खालच्या पातळीचे धरले जाते आणि ते बहुधा मोकळ्या ऐच्छिक विषयांच्या खात्यात जाते. तुमच्या ऐच्छिक विषयांच्या जागा आधीच भरल्या असतील तर त्याचा काही उपयोग नाही. इंजिनिअरिंग किंवा नर्सिंगच्या अभ्यासक्रमात अशा जागा फार थोड्या असतात. पदव्युत्तर पदवीसाठी या वाटेला जाऊच नये. नोकरदार प्रौढांसाठी चालणारी थॉमस एडिसन स्टेट, एक्सेल्सियर, चार्टर ओक यांसारखी विद्यापीठे बाहेरचे क्रेडिट स्वीकारण्यात उदार मानली जातात, तरीही पदवीसाठी लागणारे वरच्या पातळीचे क्रेडिट वेगळे मिळवावेच लागते.

एफ-१ व्हिसावर असलेल्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पदवीच्या विद्यार्थ्याला प्रत्येक सेमिस्टरला स्वतःच्या कॉलेजात किमान १२ क्रेडिट पूर्णवेळ घ्यावे लागतात आणि त्यात ऑनलाइन शिक्षणाचे फार तर तीनच क्रेडिट मोजले जातात. फेमाच्या जोरावर वर्गातला एखादा विषय सोडून देणे म्हणजे व्हिसा धोक्यात घालणे. हा निर्णय कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी अधिकाऱ्याशी बोलल्याशिवाय घेऊ नये.

मग फायदा कोणाचा? ज्याची पदवी चार-सहा ऐच्छिक क्रेडिटसाठी अडली आहे आणि ज्याच्याकडे एका पूर्ण विषयाची फी भरायला पैसे नाहीत, त्याचा. अग्निशमन दलात किंवा रुग्णवाहिकेवर काम करणाऱ्याला यातले काही कोर्स बहुधा नोकरीसाठी करावेच लागतात. त्याचे प्रशिक्षण वाया जात नाही. बाकीच्यांनी हिशेब करून पाहावा.

महाराष्ट्रातल्या कॉलेजात शिकणाऱ्यांना फेमाचे प्रमाणपत्र क्रेडिट म्हणून चालेल असे धरून चालू नये. त्यांच्यासाठी वाट वेगळी आहे, ती म्हणजे स्वयम् पोर्टल. यूजीसीच्या २०१६ च्या नियमांनी स्वयम्‌वरील कोर्सचे क्रेडिट पदवीत धरण्याची मुभा दिली, तेव्हा मर्यादा २० टक्के होती. २०२१ मध्ये ती ४० टक्के झाली. त्याच वर्षी ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सही आली. कोर्स शिकायला फुकट, परीक्षेला फी, ही गोष्ट इथेही आहे. कॉलेजने तो कोर्स मान्य केलेला असणेही लागते. दिल्लीच्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन संस्थेचे मोफत ऑनलाइन प्रशिक्षण उपयोगी आहे, पण त्याच्याही प्रमाणपत्राला आपोआप मिळालेले क्रेडिट समजू नये.

कुठेही शिकत असाल तरी पहिला कोर्स उघडण्याआधी आपल्या कॉलेजच्या रजिस्ट्रारला ई-मेल लिहा. कोर्सचा क्रमांक आणि नाव द्या, क्रेडिट कोणत्या कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर येणार ते लिहा आणि ते माझ्या पदवीत कोणत्या खात्यात धरले जाईल, असे थेट विचारा. फोनवर मिळालेला होकार धरू नका. उत्तर लेखी घ्या आणि पदवी हातात येईपर्यंत जपून ठेवा.