‘चालेल का?’ : एका प्रश्नाचा इतिहास

जुन्या संगणकावर नवी कार्यप्रणाली चालेल का, हा प्रश्न वरकरणी दुरुस्तीच्या दुकानातला. गतीचे आणि स्मृतीचे आकडे पाहावेत आणि होय किंवा नाही म्हणून मोकळे व्हावे. साहित्याच्या अभ्यासकांना त्यात रस का असावा, अशी शंका कोणी घेतल्यास ती रास्तच आहे. परंतु मराठी मजकुराचे संगणकावर काय झाले, याचा मागोवा घेताना हा प्रश्न आम्हांला वारंवार आडवा आला आणि त्याचे उत्तर केवळ आकड्यांनी कधीच ठरले नव्हते, असेही दिसून आले.

प्रारंभ पुण्यापासून करावा लागतो. कानपूरच्या आय.आय.टी.त आकाराला आलेले जिस्ट तंत्रज्ञान पुढे १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकने विकसित केले. त्याचे एक रूप म्हणजे जिस्ट कार्ड. डॉसवर चालणाऱ्या, केवळ रोमन लिपी जाणणाऱ्या संगणकात हे कार्ड बसवले, की त्याच पडद्यावर देवनागरी उमटू लागे. म्हणजे यंत्र टाकून द्यायचे नाही, त्याच्या अंगी नवी क्षमता जोडायची. ‘चालेल का?’ या प्रश्नाला त्या काळाने दिलेले हे उत्तर आम्हांला आजही अतिशय समंजस वाटते.

विंडोजच्या युगात उत्तर बदलले. नव्वदच्या दशकातील बहुतेक मराठी मजकूर एका युक्तीवर उभा होता. संगणकाच्या लेखी अक्षर रोमनच. मात्र त्या जागी टंकात देवनागरीचे चित्र बसवलेले. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी, त्यामुळे एका कार्यालयातील कादंबरी दुसऱ्या कार्यालयात नेली की निरर्थक चिन्हांची रास दिसे. १९८८च्या इस्की प्रमाणावर बेतलेला देवनागरी विभाग युनिकोडमध्ये १९९१पासूनच होता. परंतु प्रमाण असणे वेगळे आणि ते पडद्यावर उतरणे वेगळे. देवनागरीत ‘कि’ लिहिताना वेलांटी साठवली जाते व्यंजनानंतर आणि दिसते व्यंजनाआधी; ‘अर्थ’मधला रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो; ‘क्ष’, ‘त्र’ ही जोडाक्षरे घडवावी लागतात. हे काम करणारी यंत्रणा, तिला जोडून आलेला ‘मंगल’ हा टंक आणि मराठीचा कळफलक, हे सारे विंडोजमध्ये मूळ प्रणालीचा भाग म्हणून आले ते २०००च्या आवृत्तीत. (‘मंगल’ घडवणारे र. कृ. जोशी हे स्वतः मराठी कवी आणि सुलेखनकार होते, ही गोष्ट आपल्या वर्गांत फारशी सांगितली जात नाही.)

येथेच खरी गोम आहे. वेलांटी पुढे सरकवण्याला यंत्राचे बळ असे कितीसे लागते? फारच थोडे. परंतु ती सोय ज्या गाठोड्यात बांधून आली, ते गाठोडे जड होते. विंडोज ९८ सोळा मेगाबाइट स्मृतीवर उभी राहू शके. २००१च्या एक्सपीला किमान चौसष्ट हव्या होत्या आणि शिफारस एकशे अठ्ठावीसची होती. एक्सपीची सीडी घातली की यंत्राची सुसंगती तपासण्याचा पर्याय समोर येई. त्या तपासणीत प्रोसेसर उत्तीर्ण झाला, तरी जुना मुद्रक किंवा स्कॅनर अडून बसे, कारण ९८साठी लिहिलेले त्यांचे चालक नव्या गाभ्याला अनेकदा उपयोगाचे नसत. इतके करूनही देवनागरी आपोआप येत नव्हतीच. प्रादेशिक भाषांच्या खिडकीत जाऊन जटिल लिप्यांपुढे खूण करावी लागे आणि पुन्हा सीडी मागितली जाई. ही खूण करण्याची गरज व्हिस्टापासून उरली नाही.

व्हिस्टाने मात्र वेगळाच गोंधळ घातला. २००६ साली, प्रणाली बाजारात येण्याआधीच, संगणकांवर ‘व्हिस्टा कॅपेबल’ अशी पट्टी चिकटवली जाऊ लागली. त्यांपैकी कित्येक यंत्रांवर केवळ प्राथमिक आवृत्ती चाले. ज्या पारदर्शक देखाव्याची जाहिरात होत होती, तो त्यांना झेपत नव्हता. २००७ साली अमेरिकेत दावा दाखल झाला. त्यात उघड झालेल्या अंतर्गत पत्रव्यवहारावरून दिसले, की कंपनीचाच एक वरिष्ठ अधिकारी त्या पट्टीवर विसंबून फसला होता. २००८मध्ये दाव्याला मिळालेला सामूहिक दर्जा २००९मध्ये काढून घेण्यात आला. ‘कॅपेबल’ या एका विशेषणाच्या अर्थावरून न्यायालयात इतका खल व्हावा, हे भाषेच्या विद्यार्थ्यांनी नोंदवून ठेवण्यासारखे आहे.

२०२१च्या विंडोज ११ने उलट टोक गाठले. तेथे चार गिगाबाइट स्मृती ही अट किरकोळच. खरा अडसर टीपीएम २.० ही सुरक्षा-चकती आणि मान्यताप्राप्त प्रोसेसरांची यादी. चार-पाच वर्षे वयाची धडधाकट यंत्रेही अपात्र ठरली. तपासणीसाठी कंपनीने दिलेले साधन सुरुवातीला कारण न सांगताच नकार देत असे. टीका होताच ते काही दिवसांत मागे घेतले गेले आणि सप्टेंबरात सुधारून परतले. यंत्राला झेपते का, हा प्रश्न मागे पडून यंत्रावर विश्वास ठेवावा का, हा प्रश्न त्याच्या जागी आला होता. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नियमित आधार संपला, तेव्हा अनेकांना या बदलाचा प्रत्यय आला.

आम्हांला चिंता आहे ती उलट्या प्रश्नाची : नव्या यंत्रावर जुना मजकूर चालेल का? नव्वदच्या दशकात अक्षरजुळणी झालेली कितीतरी मराठी पुस्तके, नियतकालिकांचे अंक आणि प्रबंध अजून त्या जुन्या टंकमांडणीतच आहेत. काही जुळणी-प्रणालींना मुद्रकाच्या खोबणीत बसणारे हार्डवेअर कुलूप लागे आणि आजच्या संगणकांना ती खोबणीच नसते. टंक हाताशी असला, मांडणी ठाऊक असली, तर असा मजकूर युनिकोडमध्ये उतरवता येतो. मात्र रूपांतरात रफार आणि जोडाक्षरे हमखास घसरतात, म्हणून मुद्रितशोधन नव्याने करावे लागते. तेव्हा विभागातील जुना संगणक अपात्र ठरवून भंगारात काढण्यापूर्वी त्यातील फायली कोणत्या टंकात आहेत हे पाहावे आणि त्या टंकाची फाइलही मजकुरासोबत उतरवून घ्यावी.