संशोधकाचीं टिपणें आणि ग्रंथालय



आमच्या जालना जिल्ह्याची दक्षिण सीमा गोदावरी धरून आहे. तिला आम्ही गंगाच म्हणतों. घरांतलें वडीलधारें माणूस निवर्तलें, वाड्याची वांटणी झाली, कीं माळ्यावरच्या जुन्या पोथ्या फडक्यांत बांधून गंगेंत सोडावयाच्या, अशी या बाजूला फार दिवसांची चाल. तींत अनादर नाहीं. ज्या अक्षराला हात जोडले तें पायदळीं जाऊं नये, एवढाच भाव असतो. घनसावंगी तालुक्यांतील जांब हें समर्थ रामदासांचें जन्मस्थान. शके १५३० मध्यें, म्हणजे इ. स. १६०८ सालीं, ते तेथें जन्मले. त्यामुळें आसपासच्या घरांतून रामदासी बाडांना तोटा नव्हता. मी या भागांत शाळेवर असतांना तरुणपणच्या हौसेनें एका घरच्या बाडांतून सहा वह्या भरून मजकूर उतरून घेतला. पुढें तीं बाडें गंगेंत गेलीं. मागें राहिल्या त्या माझ्या वह्या.

निवृत्तीनंतर त्या वह्या घेऊन मी मोठ्या ऐटीनें एका ग्रंथालयांत गेलों. ग्रंथपालबाईंनीं त्या आदरानें हातीं घेतल्या, पांचपंचवीस पानें चाळलीं आणि शांतपणें विचारलें, "गुरुजी, हें कोणत्या बाडांतून उतरलें? कितव्या पानावरून? आणि शब्द जसाच्या तसा ठेवलात, कीं सुधारून घेतलात?" तिन्ही प्रश्नांना माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. ऱ्हस्वदीर्घ सुधारणें हा शिक्षकाच्या हाताचा गुण. तो हात मीं तेथेंही आवरला नव्हता. मूळ नाहींसें झालेलें, आणि नक्कल भरंवशाची नाहीं, अशी ती अवस्था होती.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मनुष्य. परंतु त्या दिवसापासून एक छंद लागला: थोरामोठ्या संशोधकांनीं आपलीं टिपणें कशीं ठेवलीं, आणि त्या कामीं ग्रंथालयें त्यांच्या पाठीशीं कशीं उभीं राहिलीं, हें शोधावयाचा. त्यांत जें हातीं लागलें, त्यांतलें थोडें आज सांगतों.

आरंभ इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्यापासून करणें भाग आहे. १८९८ सालीं त्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड निघाला, आणि पुढें ही माला बावीस खंडांपर्यंत गेली. गांवोगांव पायपीट करून, दप्तरवाल्यांच्या विनवण्या करून त्यांनीं कागद मिळविले. ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळें येथें ते निवर्तले, आणि लगेच १९२७ सालीं त्यांच्या स्नेह्यांनीं तेथें राजवाडे संशोधन मंडळ स्थापन केलें. माणूस गेला, पण त्याच्या कागदांना घर मिळालें. त्याच राजवाड्यांची दुसरी हकीकत मात्र मनाला लागते. १९०९ सालीं त्यांनीं बीडकडे मिळालेल्या एका जुन्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली. छापील ग्रंथ राहिला, मूळ पोथी मात्र पुढें कोणाला पाहावयास मिळाली नाहीं. त्या ज्ञानेश्वरीच्या भाषेविषयीं पंडितांनीं किती वाद घातले! पण 'चला, मूळ उघडून पाहूं' म्हणण्याची सोयच उरली नव्हती. राजवाड्यांसारख्यांचें असें झालें, तेथें आमच्यासारख्यांची काय कथा?

धुळ्यासच शंकर श्रीकृष्ण देव यांनीं मठोमठीं हिंडून समर्थसंप्रदायाचीं बाडें जमविलीं. तीं तेथील समर्थ वाग्देवता मंदिरांत आहेत. जांबेच्या माणसाला समर्थांच्या पोथ्या पाहावयाच्या तर खानदेश गांठावा लागतो, याचा मला पूर्वीं थोडा विषाद वाटे. आतां वाटत नाहीं. त्या येथें राहत्या तर कोठें गेल्या असत्या, हें मीं डोळ्यांनीं पाहिलें आहे.

आतां पुण्याकडे वळूं. ६ जुलै १९१७ रोजीं भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना झाली. मुंबई सरकारनें १८६६ पासून विकत घेऊन जमविलेला हस्तलिखितांचा मोठा संग्रह डेक्कन कॉलेजांत होता. तो १९१८ सालीं या संस्थेच्या स्वाधीन झाला. १ एप्रिल १९१९ रोजीं वृद्ध डॉक्टर रामकृष्णपंत भांडारकर यांनीं मंगलश्लोकाच्या पाठभेदांची नोंद स्वहस्तें करून महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीस प्रारंभ केला. औंधच्या पंतप्रतिनिधींनीं तिजसाठीं एक लक्ष रुपयांचा आश्रय दिला. आमचा जालना तेव्हां निजामाच्या राज्यांत होता. त्या सरकारचेंही अनुदान या कामास मिळालें, ही गोष्ट आमच्या भागांत फारशी कोणास ठाऊक नसते.

या कामाची रीत पाहण्याजोगी आहे. चौकटी आंखलेला एक कागद घ्यावयाचा. त्याच्या माथ्यावर प्रचलित पाठांतला एक श्लोक, एका चौकटींत एक अक्षर अशा हिशेबानें मांडावयाचा. खालीं एकेका पोथीसाठीं एकेक ओळ. ज्या पोथींत जें अक्षर निराळें, तेवढेंच तिच्या ओळींत, त्याच अक्षराखालच्या चौकटींत लिहावयाचें. आणि कडेला शेऱ्यासाठीं मोकळी जागा. एका श्लोकाला एक कागद! शास्त्रीमंडळी आणि पदवीधर जोडीजोडीनें बसत. एकानें वाचावें, दुसऱ्यानें टिपावें. बंगाली पोथ्यांची तुलना शांतिनिकेतनांत आणि दक्षिणी लिपींतल्या पोथ्यांची तंजावरास होऊन तेथून कागद पुण्यास येत. एकट्या आदिपर्वाच्या २३५ पोथ्यांचा पत्ता लागला होता. त्यांपैकीं १०७ देवनागरी, ३२ बंगाली, ३१ ग्रंथ लिपींतल्या, आणि बाकीच्या तेलुगु, मल्याळम् इत्यादि लिपींतल्या. निवडक अशा सुमारें साठांचे पाठभेद छापलेल्या ग्रंथांत तळाशीं दिले आहेत, आणि प्रत्येक पोथीस संकेताक्षर दिलेलें आहे. संपादकाचा निवडलेला पाठ ज्याला पटणार नाहीं, त्यानें तळटीप पाहून आपला निराळा पाठ ठरवावा. 'माझें खरें माना' असें न म्हणतां 'माझें तपासून पाहा' असें म्हणणारा हा ग्रंथ आहे.

डॉक्टर विष्णु सीताराम सुखठणकर यांनीं १९२५ सालीं या कामाचीं सूत्रें हातीं घेतलीं आणि १९३३ सालीं आदिपर्व पुरें केलें. १९४३ च्या जानेवारींत ते अकस्मात् वारले. काम थांबलें नाहीं. बेलवलकर आले, पुढें परशुराम लक्ष्मण वैद्य आले, आणि १९६६ सालीं आवृत्ति पुरी झाली. एकाच्या डोक्यांत सगळें सांठवलेलें असतें तर हें घडतें ना. तें कागदावर होतें, आणि कागद जेथल्या तेथें होते.

ते जेथल्या तेथें ठेवणारा माणूस म्हणजे परशुराम कृष्ण गोडे. १९१९ पासून १९६१ पर्यंत ते संस्थेच्या हस्तलिखितांचे पालक होते. देशोदेशींच्या पंडितांना हवी ती पोथी दाखविणें, सूचिपत्रें करणें, विचारलेल्या शंकांना पत्रोत्तरें धाडणें हें त्यांचें नित्याचें काम. तें सांभाळून त्यांनीं चारशेंहून अधिक निबंध लिहिले. त्यांत झेंडूच्या फुलापासून तंबाखूपर्यंत कशाचाही इतिहास सांपडतो. मला विचाराल तर अशा माणसाला कारकून समजणारे लोक ग्रंथालयाच्या दारांतूनच परत गेलेले असतात. याच संस्थेवर ५ जानेवारी २००४ रोजीं हल्ला होऊन ग्रंथांची व पोथ्यांची नासधूस झाली, हेंही येथेंच सांगितलें पाहिजे. पाणी आणि वाळवी एवढ्यांचेंच भय पोथीला असतें असें नाहीं.

डेक्कन कॉलेजांतील संस्कृत महाकोषाची गोष्ट याहून लांबणीची. १९४८ सालीं डॉक्टर कत्रे यांनीं त्याचा पाया घातला. पंचवीस वर्षें केवळ चिठ्ठ्या लिहिण्यांत गेलीं: एका चिठ्ठीवर एक शब्द, तो ज्या वाक्यांत आला तें वाक्य, ग्रंथाचें नांव आणि स्थळनिर्देश. सुमारें दीड हजार ग्रंथांतून जवळ जवळ एक कोटि चिठ्ठ्या झाल्या. कोषाचा पहिला भाग निघाला तो १९७६ सालीं, आणि पस्तीस खंड बाहेर पडले तरी 'अ' हें अक्षर सरलें नव्हतें. लोक हंसतात. मी हंसत नाहीं. प्रथम चिठ्ठी लिहिणारे गेले, त्यांचे शिष्य गेले. चिठ्ठी मात्र 'हें येथून घेतलें' अशी साक्ष देत खणांत बसली आहे. आतां त्या चिठ्ठ्यांचीं छायाचित्रें घेऊन संगणकावर चढविण्याचें कामही हातीं घेतलें आहे. चिठ्ठी हरवली म्हणजे काय होतें, हें इंग्रजांना विचारावें. ऑक्सफर्डच्या प्रसिद्ध कोषांत 'बाँडमेड' म्हणजे दासी हा शब्दच राहून गेला, कारण त्याच्या चिठ्ठ्या गहाळ झाल्या. १९३३ च्या पुरवणींत त्याला जागा मिळाली.

आज विद्यापीठांच्या ग्रंथालयांकडे हेंच काम नव्या रूपानें आलें आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनंतर पीएच्. डी. च्या प्रबंधाची संगणकीय प्रत 'शोधगंगा' या भांडारांत जाऊं लागली. तें गांधीनगरच्या 'इन्फ्लिबनेट' केंद्रानें चालविलेलें असून घरबसल्या कोणालाही पाहतां येतें. चांगलेंच झालें. पण प्रबंध म्हणजे शिजलेला भात. तांदूळ कोठचे, किती निवडले, खडे किती काढले, हें दाखविणारीं टिपणें, मुलाखती, मोजमापें बहुधा संशोधकाच्या घरींच राहतात, आणि त्याचा संगणक बिघडला कीं जातात. तीं मागून घेणें, त्यांवर तारीख, स्थळ आणि लिहिणाराचें नांव घालावयास लावणें, दोन ठिकाणीं प्रती ठेवणें, खासगी माहिती झांकून ठेवणें, हें ग्रंथपालाचें काम होऊं घातलें आहे. कांहीं तरुण प्राध्यापकांना ही दगदग वाटते. सुखठणकरांच्या शास्त्र्यांनाही वाटली असेल.

माझ्या सहा वह्यांचें पुढें काय झालें, तें सांगून पुरें करतों. बाईंनीं मला माझी शाळेची जुनी दैनंदिनी आणावयास सांगितली. तिच्यांतील रजांच्या आणि सुट्ट्यांच्या नोंदींवरून दोन वह्यांतील मजकूर कोणत्या दिवसांत, कोणाच्या घरीं उतरला हें ठरवितां आलें. मग आम्ही दोघांनीं बसून त्यांस एक पान जोडलें: मूळ उपलब्ध नाहीं, लेखन उतरणारानें सुधारलेलें आहे. त्या दोन वह्यांस दाखल-क्रमांक मिळाला. उरलेल्या चार घरीं परत आल्या. त्या कपाटांत आहेत.