किलिमांजारोचे पहिले आरोहण : लिखित नोंद आणि स्थानिक स्मृती

टांझानियातील किलिमांजारो (५,८९५ मीटर) हा आफ्रिका खंडातील सर्वोच्च पर्वत होय. त्याच्या आरोहणाचा इतिहास सामान्यतः ६ ऑक्टोबर १८८९ या तारखेभोवती सांगितला जातो. या दिवशी जर्मन भूगोलज्ञ हान्स मेयर व ऑस्ट्रियन गिर्यारोहक लुडविग पुर्ट्शेलर हे किबोच्या माथ्यावर पोहोचले. तथापि या घटनेची साधने तपासली असता ती जवळजवळ सर्वस्वी एकाच पक्षाची आहेत असे दिसून येते.

कोणाचे म्हणणे पुरावा मानावयाचे, हा प्रश्न या पर्वताच्या बाबतीत आरंभापासूनच उपस्थित झाला होता. ११ मे १८४८ रोजी योहानेस रेबमान या मिशनऱ्यास किलिमांजारोवर बर्फ दिसले. त्याच्या वाटाड्याने त्या शुभ्र पदार्थास केवळ 'थंडी' असे म्हटले. विषुववृत्तापासून अवघ्या तीन अंशांवर बर्फ असणे शक्य नाही, असा निर्वाळा लंडनमधील विल्यम कूली यांनी आफ्रिकेत पाऊलही न ठेवता दिला! पुढे १८६२ मध्ये फोन डेर डेकेन व ओटो केर्स्टेन सुमारे ४,३०० मीटरपर्यंत चढले, तेव्हा हिमवृष्टीचा अनुभव त्यांनाच आला.

मेयर यांचा १८८७ चा प्रयत्न हिमभिंतीपाशी थांबला. १८८८ मध्ये ते किनारपट्टीवरील अबुशिरीच्या उठावात पकडले गेले व खंडणी देऊन सुटले. १८८९ च्या यशाचे मर्म गिर्यारोहणकौशल्याइतकेच शिधापुरवठ्याच्या व्यवस्थेत होते. पर्वतावर टप्प्याटप्प्याने तळ उभारण्यात आले आणि मारांगुहून हमालांकरवी तेथे अन्न पोहोचत राहिले. त्यामुळेच ३ ऑक्टोबर रोजी विवराच्या कडेपर्यंत जाऊन परतावे लागले, तरी तीनच दिवसांत पुन्हा चढाई करता आली. वरच्या तळावर त्यांच्यासोबत पांगानीचा म्विनी अमानी राहिला होता. मेयर यांच्या ग्रंथात त्याचे नाव आहे; बहुतेक हमाल मात्र अनामिक राहिले. शिखरास कैसर विल्हेल्मचे नाव देण्यात आले.

१९८९ च्या शताब्दीच्या सुमारास मारांगुचे चग्गा वाटाडे योहानी किन्याला लाउवो यांचे नाव पुढे आले. आपण मेयर यांच्यासमवेत होतो, असे त्यांचे सांगणे होते. मेयर यांच्या वृत्तांतात हे नाव आढळत नाही. शिवाय १९९६ मध्ये लाउवो निधन पावले, तेव्हा त्यांचे वय सव्वाशेच्या घरात असल्याचे सांगितले गेले. मानवी आयुर्मानाची सर्वाधिक मान्य नोंद १२२ वर्षांची आहे. म्हणजे हा दावा अक्षरशः स्वीकारणे कठीण आहे. परंतु तो सर्वथा निरर्थक ठरविणेही योग्य नव्हे. दीर्घकाळ वाटाड्याचे काम केलेल्या माणसाच्या स्मृतीत नंतरच्या चढाया आणि वडीलधाऱ्यांकडून ऐकलेली हकिकत एकत्र आली असणे संभवते. लाउवोंचे वय खोडून काढल्याने १८८९ मध्ये ओझी वाहणाऱ्यांची नावे उपलब्ध होत नाहीत. टांगानिका स्वतंत्र झाल्यावर, डिसेंबर १९६१ मध्ये, कैसरचे नाव जाऊन शिखरास 'उहुरु', म्हणजे स्वातंत्र्य, हे स्वाहिली नाव मिळाले.