डायनामो गेला, नाव राहिलं

आमच्या देऊळगाव राजात ‘अल्टरनेटर’ हा शब्द फारसा कुणी वापरत नाही. जालना रोडवरच्या गॅरेजात ट्रॅक्टर नेला, की मिस्त्री पट्टा दाबून बघतो, बॅटरीला मीटर लावतो आणि सांगतो, “डायनामो चार्जिंग देत नाही.” त्याच्या हातात असतो अल्टरनेटरच. खरा डायनामो ट्रॅक्टरवरून कधीच गेला.

काही वर्षांपूर्वी सोयाबीन काढणीच्या दिवसांत आमच्या ट्रॅक्टरची बॅटरी शेतातच पार मेली. उतारावर ढकलून इंजिन सुरू केलं, पण लाइट काही लागेना. मी मोबाइलचा टॉर्च घेऊन पुढे चालत राहिलो आणि बाबा मागून ट्रॅक्टर आणत राहिले. घरी आल्यावर ते म्हणाले, “जुना डायनामो असता तर वाटेतच लाइट लागली असती.” मला ती जुन्या माणसाची जुन्या वस्तूवरची माया वाटली. पुढे छोट्या विमानांबद्दल वाचताना कळलं, की बाबा शंभर टक्के बरोबर होते.

गोष्ट सुरू होते १८३१ मध्ये. तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलवला की वीज निर्माण होते, हे मायकेल फॅरडेनं दाखवलं. पुढच्याच वर्षी पॅरिसमधल्या इपोलित पिक्सी या उपकरणं बनवणाऱ्या कारागिरानं हातानं फिरवायचं यंत्र केलं. त्यात वेटोळी स्थिर होती आणि चुंबक फिरत होता. वीज मिळाली, पण ती सतत दिशा बदलणारी, म्हणजे एसी. तेव्हा तिचा उपयोग कुणाला सुचेना. मग अँपिअरच्या सुचवणीवरून पिक्सीनं कम्युटेटर जोडला. विजेची दिशा उलटली की जोडणीही उलटायची, म्हणजे बाहेर येणारा प्रवाह एकाच दिशेचा, डीसी.

डायनामो याच वाटेनं वाढला. त्यात चुंबक स्थिर राहिला आणि वीज देणारी वेटोळी फिरू लागली. तयार झालेली सगळी वीज कार्बनच्या ब्रशांमधून बाहेर काढायची. त्यामुळे ब्रश झिजतात, ठिणग्या उडतात आणि फार वेगानं फिरवलं तर वेटोळीच उसवतात. म्हणून पुलीचं प्रमाण जपून ठेवावं लागतं. परिणाम असा, की इंजिन मंद चालत असताना डायनामो जवळजवळ काहीच देत नाही. जुन्या जीपचा दिवा थांबल्यावर मिणमिणायचा, तो यामुळेच.

अल्टरनेटरमध्ये चुंबक पुन्हा फिरतो आणि वेटोळी स्थिर राहतात. म्हणजे १८३२ मधल्या पिक्सीच्या पहिल्या यंत्राचीच रचना. फिरणाऱ्या भागाला विद्युतचुंबक बनवण्यापुरता थोडाच प्रवाह ब्रशांमधून जातो, त्यामुळे तो खूप वेगानं फिरवता येतो. मग ही युक्ती गाड्यांमध्ये एवढी उशिरा का आली? कारण बॅटरीला डीसी लागते. एसीची डीसी करणारे सेलेनियमचे रेक्टिफायर होते, पण अवजड. १९५०च्या दशकात सिलिकॉन डायोड आला आणि अडचण सुटली. क्रायस्लर कंपनीनं १९६०च्या व्हॅलियंट मोटारीत अल्टरनेटर दिला. तुमच्या मोबाइलच्या चार्जरमध्येही एसीची डीसी करायला डायोडच लागतात.

विमानांत हा बदल त्याच दशकात उतरला. त्याआधीची बरीच छोटी विमानं विजेवर फारशी अवलंबून नव्हती. आपल्याकडचं ‘पुष्पक’ बघा. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टनं बनवलेलं हे विमान १९५८ मध्ये पहिल्यांदा उडालं आणि देशभरच्या फ्लाइंग क्लबांत गेलं. त्याचा पंखा हातानं फिरवून इंजिन सुरू करायचे. अशा इंजिनांत ठिणगी देण्याचं काम मॅग्नेटो करतो. तो स्वतःच्या चुंबकावर चालतो आणि बॅटरीकडे काहीच मागत नाही.

पण पुढे विमानांत रेडिओ वाढले, दिवे वाढले. धावपट्टीकडे हळूहळू जाताना इंजिन मंद, त्यामुळे जनरेटर सुस्त आणि सगळा भार बॅटरीवर. सुरुवातीच्या सेस्ना १५० मध्ये जनरेटरच होता. १९७७ मध्ये आलेल्या सेस्ना १५२ मध्ये मात्र २८ व्होल्टची यंत्रणा आणि ६० अँपिअरचा अल्टरनेटर होता.

जुन्या विमानात जनरेटर काढून अल्टरनेटर बसवणं म्हणजे दोन नट काढून दोन लावणं नव्हे. रेग्युलेटर बदलावा लागतो. जनरेटरच्या रेग्युलेटरमध्ये कटआउट असतो, बॅटरीची वीज उलटी जनरेटरमध्ये जाऊ नये म्हणून. अल्टरनेटरमध्ये हे काम डायोडच करतात. तारा आणि ब्रेकर वाढलेल्या प्रवाहाला पुरतात का, हे तपासावं लागतं. अल्टरनेटर काही किलोंनी हलका असतो, म्हणून विमानाच्या वजनाचा आणि तोलाचा हिशेब नव्यानं मांडावा लागतो. आणि विमान-नियामकाला मान्य असलेल्या आराखड्याशिवाय यातलं काहीच करता येत नाही.

बाबांचं वाक्य बरोबर ठरतं ते इथे. डायनामोच्या लोखंडात थोडं चुंबकत्व शिल्लक राहतं. फिरू लागला की तेवढ्यावर तो स्वतःच जागा होतो. अल्टरनेटरला मात्र चुंबक तयार करायला आधी बॅटरीची वीज लागते. बॅटरी पूर्ण मेलेली असेल, तर तो कितीही वेगानं फिरला तरी सहसा काही देत नाही. आमच्या ट्रॅक्टरचं तेच झालं. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, म्हणून ते चाललं. दिवे लागले नाहीत.

आता हेच विमानात बघा. बॅटरी मेलेली, वैमानिकानं पंखा हातानं फिरवून इंजिन सुरू केलं. मॅग्नेटोमुळे इंजिन ठणठणीत चालतंय, म्हणून त्याला वाटतं सगळं ठीक आहे. उडाल्यावर ना रेडिओ, ना दिवे. जनरेटरच्या काळात ही सवय बऱ्याचदा खपून गेली असती. अल्टरनेटर बसवल्यावर ती सोडावी लागते. आधी बॅटरी चार्ज करायची, मग उडायचं. यंत्र बदललं की ते चालवणाऱ्याच्या सवयीही बदलाव्या लागतात आणि त्या कुठल्याच बिलावर लिहिलेल्या नसतात.

आम्ही आता काढणीआधी बॅटरी गॅरेजात तपासून घेतो. मिस्त्री अजूनही ‘डायनामो’च म्हणतो. मी त्याला दुरुस्त करत नाही.