ब्रॅडफर्ड फॅक्टर म्हणजे काय? एचआर ॲप तुमच्या दांड्यांचा स्कोअर कसा काढतं?

एचआर ॲपमध्ये रजा टाकली की विषय संपला, असं आपल्याला वाटतं. पण काही ॲप्स त्यावरून तुमचा एक स्कोअर काढतात. मी टीम लीड झालो तेव्हा मला तो पहिल्यांदा दिसला, आणि त्याच्या भरवशावर मी एक मोठी चूक केली.

हिशोब कसा होतो?

हे नाव ब्रिटनमधल्या ब्रॅडफर्ड युनिव्हर्सिटीशी जोडलेलं आहे. १९८०च्या दशकापासून हे सूत्र वापरात आहे. साधारणपणे मागच्या ५२ आठवड्यांतल्या अचानक घेतलेल्या रजा मोजतात.

स्कोअर = किती वेळा × किती वेळा × एकूण दिवस

समजा, तिघांनीही १० दिवस रजा घेतली:

- सलग १० दिवस: १ × १ × १० = १०
- दोन-दोन दिवस, पाच वेळा: ५ × ५ × १० = २५०
- एकेक दिवस, दहा वेळा: १० × १० × १० = १०००

दिवस तेवढेच, स्कोअर शंभरपट! कारण मोठ्या रजेत काम दुसऱ्याकडे सोपवता येतं. सकाळी नऊला "आज येत नाही" असा मेसेज आला की सगळ्यांचीच धावपळ होते.

माझी चूक

टीममधल्या एकाचा स्कोअर २१६ झाला. साडेतीन महिन्यांत सहा दांड्या, दर वेळी कारण "बरं नाही". ॲपने लाल खूण दाखवली आणि मी सरळ वॉर्निंगचा मेल पाठवला. दुसऱ्या दिवशी तो एवढंच म्हणाला, "आईची केमो असते, दर एकवीस दिवसांनी. कोणाला सांगितलं नव्हतं."

तारखा माझ्यासमोरच होत्या, बरोब्बर २१ दिवसांच्या अंतराने. मी आकडा पाहिला, तारखा पाहिल्याच नाहीत. मेल मागे घेतला, पण त्याने तो वाचला होता.

पुढच्या तारखा आम्ही आधीच कॅलेंडरवर टाकल्या. ठरवून घेतलेली रजा या हिशोबात येत नाही. स्कोअर वाढायचा थांबला, कामही अडलं नाही.

नवीन टीम लीड असाल तर

- लाल खूण दिसली की मेल नको, आधी एकांतात बोला.
- "सगळं ठीक ना? काही बदल करता येईल का?" एवढं विचारा. आजाराचा तपशील खोदू नका.
- जे ठरलं ते लिहून ठेवा आणि पाळा.

कर्मचारी असाल तर

तारीख माहीत असेल तर रजा आधीच टाका. महाराष्ट्रात ठरावीक संख्येइतके किंवा जास्त कामगार असलेल्या दुकानं-आस्थापनांसाठी २०१७ चा कायदा आहे. त्यात कामगारांना वर्षाला ८ नैमित्तिक रजा मिळतात. ब्रॅडफर्ड स्कोअर हा मात्र कंपनीचा आतला हिशोब आहे, कायद्यातलं मोजमाप नाही.

ॲप फक्त दांड्या मोजतं. त्यामागचं कारण माणसालाच विचारावं लागतं, आणि टीम लीडचं ते पहिलं काम आहे. मला ते उशिरा कळलं.