तासावरची सायकल

आजचा विषय भाड्याच्या सायकलीचा, आणि कोरोनानं तिचं काय केलं त्याचा.

धाराशिवात हा विषय काढला की चाळिशीपुढच्या माणसाला अ‍ॅप आठवत नाही, सायकलचं दुकान आठवतं. मडगार्डवर रंगवलेला नंबर, वहीत लिहिलेली वेळ आणि दहा मिनिटं उशीर झाला की दुकानदाराची बोलणी. ओळख हीच अनामत. "अमक्याचा पोरगा ना तू? ने." ती दुकानं काही महामारीनं बुडवली नाहीत. घरोघरी मोटारसायकली आल्या, तेव्हाच ती गेली.

हे आधी सांगतोय, कारण कोरोनाच्या नावावर नको ती बिलं फाडली जातात. पुण्याचंच बघा. डिसेंबर २०१७ मध्ये विद्यापीठाच्या आवारात आणि औंध भागात झूमकारची 'पेडल' आली. मागोमाग चीनच्या ओफो आणि मोबाइक, बंगळुरूची युलू. पण २०१८ च्या मध्यातच ओफोनं भारतातून गाशा गुंडाळला. कुलपं तुटली, सायकलींची मोडतोड झाली. इथं ओळख नव्हती ना, नुसता क्यूआर कोड होता! म्हणजे मार्च २०२० उजाडला तेव्हा पुण्यातला हा खेळ बराचसा आवरला होता.

मग महामारीनं केलं काय? न्यूयॉर्कमध्ये मेट्रोची गर्दी टाळायला लोक आधी सिटी बाइककडे वळले, शहर बंद झालं तशा फेऱ्या कोसळल्या, पुढं पुन्हा चढल्या. बोगोटा, पॅरिसनं तात्पुरत्या सायकल मार्गिका आखल्या. आपल्याकडंही जून २०२० मध्ये केंद्र सरकारनं शहरांसाठी 'सायकल्स फॉर चेंज' स्पर्धा काढली. असो.

मुंबईची गोष्ट जास्त बोलकी आहे. मार्चमध्ये लोकल थांबली. जूनच्या मध्यात ती फक्त अत्यावश्यक सेवेसाठी सुरू झाली. सर्वसामान्यांना १ फेब्रुवारी २०२१ पासून, तेही ठरावीक वेळेत. याच मधल्या काळात, सप्टेंबर २०२० मध्ये, बांद्रा-कुर्ला संकुलात युलूच्या विजेवरच्या गाड्या आल्या. शेअर रिक्षात खेटून बसायची भीती होती, त्यामुळं एकट्यानं जायची सोय पटण्यासारखी होती. पण बरीच ऑफिसं तर घरातूनच चालली होती!

गिऱ्हाईक दुसरीकडून आलं. घरात बसलेली माणसं मोबाइलवरून जेवण, किराणा मागवायला लागली आणि ते पोचवणाऱ्या पोरांना गाडी हवी होती. ताशी २५ किलोमीटरच्या आत धावणाऱ्या या गाडीला ना लायसन्स लागतं, ना आरटीओचा नंबर. ज्याच्याकडं दोन्ही नाही, तोही कामाला लागू शकतो. पुढं तर कंपनीनं बजाजबरोबर खास डिलिव्हरीसाठी 'डेक्स' नावाची गाडीच काढली. स्टेशन ते ऑफिस एवढ्या अंतरासाठी आणलेली वस्तू दिवसभराच्या रोजगाराचं हत्यार झाली. माझ्या मते, महामारीनं केलेला खरा बदल हा.

आमच्या गल्लीतला एक पोरगा एमपीएससीसाठी पुण्याला गेला होता. लॉकडाऊनमध्ये परत आला, घरचं सोयाबीन काढलं आणि पुन्हा गेला तो डिलिव्हरीला. दिवाळीत भेटला तेव्हा मी त्याला वहीवाल्या दुकानदाराची गोष्ट सांगितली. हसला, म्हणाला, "काका, तुम्हाला परत करायची घाई असायची. आम्हाला ऑर्डर यायची घाई असते. गाडी उभी असली तरी भाडं चालूच."