धर्म, वंश आणि शाळाप्रवेश : इंग्लंडमधील दोन खटले

शासकीय द्रव्यावर चालणाऱ्या शाळेने विद्यार्थ्याचा धर्म पाहून प्रवेश द्यावा काय, हा इंग्लंडमधील जुना वाद होय. तेथील न्यायालयांनी या वादास जी वळणे दिली, त्यांचा विचार प्रस्तुत टिपणात केला आहे.

या विषयाचे मूळ १९४४ च्या शिक्षण कायद्यात आहे. शिक्षणमंत्री बटलर यांनी चर्चसंस्थांशी तडजोड केली. ‘अनुदानित स्वयंसेवी’ या वर्गातील शाळांच्या इमारतखर्चाचा निम्मा भार संस्थेने सोसावा, शिक्षकांचे वेतन व दैनंदिन खर्च शासनाने करावा, आणि प्रवेशाचा व धर्मशिक्षणाचा अधिकार मात्र व्यवस्थापक मंडळाकडे राहावा, असे ठरले. पुढे संस्थेचा वाटा घटत घटत दहा टक्क्यांवर आला. प्रवेशाचा अधिकार मात्र मंडळाकडेच राहिला. जागांपेक्षा अर्ज अधिक आले, तर स्वधर्मीयांस अग्रक्रम देण्याची प्रथा अशा रीतीने दृढ झाली.

१९७६ च्या वंशसंबंध कायद्याने वर्ण, वंश, राष्ट्रीयत्व आणि वांशिक वा राष्ट्रीय मूळ या कारणांवरून होणारा भेदभाव निषिद्ध ठरविला. त्यात धर्माचा उल्लेख नव्हता. या उणिवेचा प्रत्यय लवकरच आला. बर्मिंगहॅम येथील एका खाजगी शाळेने एका शीख मुलास पगडी उतरविल्यावाचून प्रवेश नाकारला. धार्मिक व सामाजिक भेद शाळेत दिसू नयेत म्हणून सर्वांस एकच गणवेश, अशी मुख्याध्यापकांची भूमिका होती. तीही समतेचेच नाव घेत होती. १९८२ साली अपील न्यायालयाने, शीख हा धर्म आहे, वंश नव्हे, असे म्हणून शाळेची बाजू उचलून धरली. परंतु १९८३ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने हा निर्णय फिरविला. दीर्घ सामायिक इतिहास आणि स्वतःची सांस्कृतिक परंपरा ज्या समाजास आहे, तो ‘वांशिक’ समूह होय, अशी व्यापक व्याख्या लॉर्ड फ्रेझर यांनी केली. शीख समाजास तिचे संरक्षण लाभले.

हीच विचारसरणी पुढे एका धार्मिक शाळेवर उलटली. लंडनमधील जेएफएस ही १७३२ साली स्थापन झालेली ज्यू शाळा. ज्याची आई ऑर्थोडॉक्स पंथाच्या दृष्टीने ज्यू, तोच ज्यू, असा तिचा प्रवेशनियम होता. एका मुलाच्या आईने धर्मांतर केले होते, पण ते ऑर्थोडॉक्स पंथाबाहेर झाले असल्याने मुलाचा प्रवेश नाकारण्यात आला. १६ डिसेंबर २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊपैकी पाच न्यायाधीशांनी हा प्रत्यक्ष वांशिक भेदभाव ठरविला. कारण निकष मुलाच्या श्रद्धेचा नसून मातृवंशाचा होता. शाळेच्या हेतूस मात्र त्यांनी दोष दिला नाही. हा निकष वंशाचा नव्हे, धर्माचाच आहे, असे भिन्न मत लॉर्ड रॉजर व लॉर्ड ब्राउन यांनी नोंदविले.

यातील विसंगती अभ्यासकांनी लक्षात घ्यावी. वंशाचा निकष गेला. धर्माचा निकष वैधच राहिला. शाळेने सिनेगॉगमधील उपस्थितीसारख्या आचारांवर गुण देण्यास प्रारंभ केला. ज्यू धर्मशास्त्र व्यक्तीचे ज्यूपण तिच्या उपस्थितीवर अवलंबून ठेवीत नाही. तरी मुलाच्या पालकांस आता तीच दाखवावी लागली. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या शाळेने श्रद्धेवरून निवड करणे न्याय्य आहे काय, हा मूळ प्रश्न दोन्ही निकालांत निर्णयास आलाच नाही; १९४४ ची तडजोड त्यास आड आली.

भारतीय राज्यघटनेची रचना येथे उद्बोधक ठरते. अनुदान घेणाऱ्या संस्थेने केवळ धर्म, वंश, जात वा भाषा यांवरून कोणाही नागरिकास प्रवेश नाकारू नये, असे अनुच्छेद २९(२) सांगतो. आणि लगतचा अनुच्छेद ३० अल्पसंख्याकांस स्वतःच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क देतो. दोहोंत ताण आहे, हे उघड आहे. परंतु दोन्ही तत्त्वे एकाच संहितेत असल्यामुळे आपल्या न्यायालयांस त्यांचा तोल उघडपणे साधावा लागतो. इंग्लंडमध्ये तो तोल ‘वंश’ या शब्दाच्या अर्थनिर्णयातून आडमार्गाने साधला गेला, आणि म्हणूनच एकाच व्याख्येने एका मुलास शाळेचे दार उघडले, तर दुसऱ्या ठिकाणी एका शाळेची शतकानुशतकांची ओळख बेकायदा ठरविली.